नाट्टो वर्ज्य असलेले महिने

२६ ऑक्टोबर

कानामे,

तू गेल्याला सहा दिवस झाले. आज छपराखाली तुरट पर्सिमनची फळं सोलून सुकायला टांगली. बेचाळीस झाली. तू असतास तर पन्नास झाली असती, कारण शिडी धरायला दुसरं माणूस लागतं. शेजारच्या म्हातारीला हाक मारली, तर ती शिडी सोडून गप्पाच मारत बसली.

काल शाळेच्या जेवणात नाट्टो होता. तीनशे दहा पोरांना तीनशे दहा पुड्या. स्वयंपाकघरात सगळीकडे तो आंबलेल्या सोयाबीनचा वास, आणि मला हसू फुटलं. तू बिचारा हंगाम संपेपर्यंत त्याच्याकडे बघणारसुद्धा नाहीस. नाट्टोचा एक जंतू तांदळाच्या दारूच्या, साकेच्या भट्टीत शिरला की कोजीच्या, त्या बुरशी चढवलेल्या सगळ्या भाताचा सत्यानाश, हे तू मला इतक्यांदा सांगितलंयस की झोपेतही म्हणून दाखवीन. तर ऐक. दहा दिवसांत तुझं पत्र आलं नाही, तर मी पाकिटात नाट्टोचा एक दाणा टाकून पाठवीन. मग तुमचे उस्ताद तुला कोजीच्या खोलीतून कसे हाकलतात ते बघ.

सहा जण एका खोलीत झोपता, म्हणून फोन नको म्हणालास ते बरंच झालं. हे असलं मला फोनवर बोलता आलं नसतं. ती शेवटची दुपार सारखी आठवते. मी मध्येच घाबरले, अर्ध्यावर थांबवलं. तू रागावला नाहीस. नऊ वर्षांनी कुणाजवळ गेले होते रे, नवरा गेल्यापासून कुणीच नव्हतं. जेवढं जमलं तेवढं केलं. उरलेलं मार्चमध्ये.

दाराशी बुटांच्या फळीवरचा खालचा कप्पा रिकामा केलाय. मार्चमध्ये भट्टीतून सुटलास की गावी न जाता थेट इथेच उतरायचं. कबूल केलंयस, विसरू नकोस.

तुझी,
चिगुसा


२ नोव्हेंबर

चिगुसा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तर लिहायला बसलो आणि चार कागद फाडले. हा पाचवा.

सरळच सांगतो. इथे आल्यावर चौथ्या दिवशी मला लघवीला आग व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी पू. थंड पाण्यात तांदूळ धुऊन असं होत असेल म्हणून दोन दिवस काढले. मग उस्तादांना दात दुखतोय सांगून गावातल्या मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत परमा निघाला. हातात सुई लावून औषध दिलं, एकदाच, आणि तीन दिवसांत सगळं थांबलं. दुखणं तसं किरकोळ, पण ते नाव ऐकून मी खुर्चीवर आहे की खाली पडलोय तेच कळेना.

डॉक्टर साठीतले आहेत, कोरडे पण चांगले. म्हणाले, "जोडीदाराला कळवा. कुणी कुणाला दिलं याचं कोर्ट भरवू नका. दोघांनी तपासा, दोघांनी उपचार घ्या, आणि दोघं मोकळे होईपर्यंत एकमेकांपासून लांब राहा. तोंडानेसुद्धा." लांब राहायचं तर मी आठ तासांच्या रेल्वेवर आहेच, ते अवघड नाही. तुला हे लिहिणं अवघड आहे.

तू तपासून घे. तुला काही त्रास होत नसेल, तरीही.

पर्सिमनचं वाचून तोंडाला पाणी सुटलं. सुकले की दोन पाठव. नाट्टोशेजारी ठेवलेले नकोत.

कानामे


८ नोव्हेंबर

ओबाता-सान,

तुमचं पत्र मिळालं. शेगडीवर किटली होती, ती कोरडी होऊन काळी पडली तेव्हा कळलं की मी किती वेळ उभी होते.

माझ्याकडून? आपल्यात तर 'ते' झालंच नाही. त्या दुपारी जे झालं ते तोंडाचं. तोंडाच्या गोष्टीने असले रोग होतात असं मी पंचेचाळीस वर्षांत ऐकलेलं नाही. आणि माझं तर सोडाच. शाळेच्या स्वयंपाकघरात दर महिन्याला दोनदा आमच्या शौचाची तपासणी होते. बोटाला चीर पडली तरी भाजीला हात लावू देत नाहीत. माझ्यात जंतू असता तर तो केव्हाच सापडला असता.

चौथ्या दिवशी आग झाली म्हणता. म्हणजे गाडीतून उतरल्या उतरल्या कुठे गेला होतात ते तुम्हालाच ठाऊक. स्टेशनाबाहेर तसली दुकानं असतात म्हणे. सामान तरी आधी भट्टीत ठेवलंत की तसंच घेऊन गेलात?

पर्सिमन पाठवणार नाही.

चिगुसा


१३ नोव्हेंबर

चिगुसा,

'ओबाता-सान', असं परक्यासारखं आडनाव वाचलं आणि पाकीट उलटून पत्ता पुन्हा बघितला. वाटलं दुसऱ्या कुणाचं पत्र आलं.

उतरल्यावर मी कुठेही गेलो नाही. भट्टीतला पोरगा बुन्ता गाडी घेऊन स्टेशनवर आला होता, तासाभरात आम्ही पिंपं घासत होतो. तुझ्यानंतर कुणी नाही.

डॉक्टरांना तुझं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, नाव न घेता. त्यांना हसू आलं नाही. म्हणाले, असं मानणारे दर आठवड्याला येतात. हा जंतू घशातही घर करतो. तिथे तो गुपचूप बसतो, बहुतेकांना साधी खवखवही होत नाही, महिनोन् महिने पत्ता लागत नाही. आणि घशातून तो दुसऱ्याच्या खाली उतरतो. खाली उतरला की पुरुषाला चार दिवसांत बोंब मारायला लावतो. तुमच्या शौचाच्या तपासणीत तो दिसायचा नाही. त्यात फक्त अन्नातून विषबाधा करणारे जंतू शोधतात. जे शोधतच नाहीत ते सापडणार कसं?

आता एक गोष्ट. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. गेल्या एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर आम्ही चौघं शहरात तसल्या एका दुकानात गेलो होतो. एकदाच. तिथेही तोंडाचंच होतं, आणि मीही तुझ्यासारखंच समजत होतो की त्याने काही होत नाही. तेव्हा आपली ओळखसुद्धा नव्हती. डॉक्टर म्हणाले, एप्रिलचं असतं तर एप्रिलमध्येच आग झाली असती, बहुतेकांना आठवड्याच्या आत होते. ते कारण नसेल, पण तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

सकाळी भात वाफवताना पहिली वाफ वर जाते तेव्हा रोज तुझ्या शाळेच्या भांड्यांची आठवण येते. या वेळेला तूही वाफेतच उभी असशील.

कानामे


१९ नोव्हेंबर

ओबाता-सान,

एप्रिल! वा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. स्वतः दुकानं पालथी घालायची आणि माझ्या घशात जंतू शोधायचा.

तरी तुम्हाला बोलायला जागा राहू नये म्हणून मी गेले. आमच्या गावात नाही, इथे औषधाच्या दुकानातली मुलगी माझ्या वहिनीची मैत्रीण आहे. दोन स्टेशनं पुढे जाऊन स्त्रियांच्या डॉक्टरांकडे गेले. ते उंच टेबल, तो पडदा, सगळं सोसलं. जोडीदार किती विचारलं, एक म्हणून सांगितलं. काल निकाल आला. काही नाही. शुद्ध.

आता बोला.

चिगुसा


२६ नोव्हेंबर

चिगुसा,

निकाल चांगला आला हे वाचून आधी बरंच वाटलं. खोटं नाही सांगत.

पण त्यांनी खालचं तपासलं ना? घसा तपासला का? तू तोंडाचं सांगितलं नसशील, म्हणून त्यांनी विचारलं नसेल. मीही माझ्या डॉक्टरांना आधी सांगितलं नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं तेव्हा भिंतीकडे बघून सांगितलं. घशाची तपासणी अगदी सोपी आहे. थोडं साधं खारं पाणी देतात, घशाशी घोळवून गुळणी करायची आणि नळीत थुंकायचं. माझी केली. घशात काही नव्हतं.

आणखी एक काम उरकून आलो. आरोग्य केंद्रात नाव न सांगता रक्त तपासतात, फुकट. एक नंबराची चिठ्ठी देतात. निकाल फोनवर सांगत नाहीत, चिठ्ठी घेऊन स्वतः जावं लागतं. माझा नंबर सतरा. गरमी आणि एड्स, दोन्हींसाठी. गरमी तोंडानेही लागते. एड्सचा धोका तोंडाने फार थोडा असतो, पण थोडा म्हणजे शून्य नाही, असं तिथली बाई म्हणाली. इतक्यात तपासून पक्कं कळत नाही, हीच चिठ्ठी घेऊन जानेवारीत पुन्हा यायचं. बाकावर माझ्याशेजारी विशीतलं एक जोडपं बसलं होतं, हातात हात घालून. हसत होती दोघं. मला वाटलं, आपणही असं बसलो असतो तर या कागदांवर मला इतकं लिहावं लागलं नसतं.

घसा दाखव. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी.

कानामे


११ डिसेंबर

ओबाता-सान,

झालं तुमच्या मनासारखं. घशाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. खरं सांगते, लाज कशी ती उरली नाही. तरी माणसासारखी गेले. निघण्यापूर्वी दात नीट घासले, आमच्या स्वयंपाकघरात वापरतो त्या तपकिरी औषधाच्या दोनदा गुळण्या केल्या, स्टेशनवर उतरल्यावर आणखी एकदा केल्या. परक्या माणसापुढे घाणेरडं तोंड उघडायची आमच्या घरात रीत नाही. मग त्यांचं ते खारं पाणी घोळवून नळीत थुंकले.

निकाल: काही नाही.

आता माझ्यात कुठलाच कोपरा तपासायचा राहिला नाही. म्हणजे खोटं कोण बोलतंय ते उघड आहे. मला एप्रिलचंही काही वाटलं नसतं हो. नोव्हेंबरात मलाच आरोपी केलंत, ते लागलं.

बुटांच्या फळीवरच्या त्या कप्प्यात आता लोणच्याची बरणी ठेवली आहे. मार्चमध्ये इकडे येऊ नका. पत्रही लिहू नका.

पर्सिमन सुकले. फार गोड झालेत.

चिगुसा


१७ डिसेंबर

चिगुसा,

लिहू नका म्हणालीस तरी हे एक लिहितो.

आमच्याकडे पिंपात आंबवण नीट चाललंय का बघायला नमुना काढतात. समज, मी आधी पिंप उकळत्या पाण्याने धुतलं आणि मग नमुना काढून उस्तादांना म्हटलं, बघा, एकही जंतू नाही. ते मला काय म्हणतील? तुझं पत्र वाचताना गुळण्यांपाशी आलो आणि हात थांबला. तीन वेळा त्या औषधाने घसा धुऊन तू तपासायला गेलीस. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं केल्याने जंतू मरत नाही, वरवर धुतला जातो, आणि नळीत पुरेसा येत नाही. निकाल भरवशाचा नाही. सकाळी उठल्यावर, दात न घासता, गुळणी न करता, काही न खाता-पिता जायला हवं.

मला गंमत वाटते आणि रडूही येतं. लहानपणापासून आपल्याला एकच शिकवलं, बाहेरून आलात, गुळण्या करा. मीही त्या दुपारनंतर तुझ्या न्हाणीघरात जाऊन गुळण्या केल्या होत्या. वाटलं, झालं, आता काही भीती नाही. गुळण्यांनी हा जात नाही आणि गुळण्यांनी हा अडतही नाही.

मी जिंकायला हे लिहीत नाही. तुझ्या घशात काही नसेल तर मी खोटा, आणि ते मी खाली मान घालून ऐकून घेईन. पण असेल तर ते तुझ्यात आहे, आणि तुला कळणारसुद्धा नाही. दार मला नाही उघडलंस तरी चालेल. पुढे कधी कुणाला उघडशील, तर त्याआधी तपासून घे. एवढंच.

कानामे


१ जानेवारी
(शुभेच्छापत्र, ठोकळ्याने छापलेली साकेची बुधली, खाली पेनाने)

नवं वर्ष तुला सुखाचं जावो. तलाव कडेने गोठला आहे. आज भट्टीला अर्धी सुट्टी. उस्तादांनी सगळ्यांना एकेक चमचा नवी साके चाखायला दिली. मी तुझ्या वाटचीही मागून घेतली.

कानामे


२२ जानेवारी

चिगुसा,

उत्तर येत नाही, तरी टपालवाल्याची लाल दुचाकी आली की मी बाहेर येतो. बुन्ता म्हणतो, "दादा, तो तुमच्यापेक्षा भट्टीच्या कुत्र्याची पत्रं जास्त आणतो." कुत्र्याला लस टोचण्याची सूचना आली होती, तेव्हापासून हे चाललंय.

आरोग्य केंद्रात जाऊन आलो. नंबर सतरा, दोन्ही साफ. चिठ्ठी मी इतकी जपली होती की घडीवर फाटली. निकाल देणारी बाई म्हणाली, "घरी सांगायला कुणी आहे का?" मी हो म्हणालो.

सर्वांत उंची साके आता बनते आहे. तिच्यासाठी थंडी जितकी कडक तितकी चांगली, म्हणून आम्ही सगळे थंडीची वाट बघत असतो. या वर्षी मला थंडी नको झाली आहे. संध्याकाळी अंथरुणात शिरताना पायांना पाय लागत नाहीत, आणि शेजारी बुन्ता घोरत असतो. एका दुपारपुरतीच तर तू मिळालीस. तेवढ्यावर इतकी सवय कशी लागली ते मला सांगता येत नाही.

कानामे


९ फेब्रुवारी

कानामे,

पुन्हा 'कानामे' लिहितेय. तुला नको वाटलं तर या ओळीपाशीच थांब.

तुझं डिसेंबरचं पत्र मी दोन आठवडे उघडलं नाही. तांदळाच्या डब्यावर पडून होतं. नव्या वर्षाचं कार्ड आलं, 'तुझ्या वाटचीही मागून घेतली' वाचलं, आणि मग ते उघडलं. बारा जानेवारीला सकाळी उठले, पाणीसुद्धा न पिता, तोंडाला रुमाल धरून पहिल्या गाडीने गेले. डॉक्टरांची आधीच माफी मागितली, तोंडाला वास येईल म्हणून. त्या हसल्या. म्हणाल्या, वास मला चालेल, गुळण्या नाही.

निघाला. परमा. घशात.

वीस तारखेला सुई लावून औषध घेतलं, तुझ्यासारखंच. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायला बोलावलंय, कारण घशातून हा जायला चिवट असतो. उद्या जायचंय. रक्ताचीही तपासणी करून घेतली, ती साफ आली.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. नऊ वर्षांत कुणी नव्हतं हे खोटं. नवरा गेल्यावर सात वर्षं खरंच कुणी नव्हतं. मग दोन वर्षं निइनुमा होता, मासळीबाजारात बर्फाच्या गाड्या चालवणारा. त्याची बायको आहे. गुरुवारी यायचा, तासभर थांबायचा, कधी जेवलासुद्धा नाही. ऑगस्टमध्ये मी संपवलं. सप्टेंबरात तू शाळेला लोणच्यासाठी साकेचा चोथा द्यायला आलास, आणि दारात बूट इतके सरळ काढून ठेवलेस की मी ते बघत राहिले. तुला निइनुमाबद्दल सांगितलं असतं तर तू मला काय समजला असतास, या भीतीने नऊ वर्षं म्हटलं. एकदा म्हटलं की ते सांभाळत बसावं लागलं. तू एप्रिलचं सांगितलंस तेव्हा मला राग आला नव्हता. हायसं वाटलं होतं. दोष ठेवायला जागा मिळाली म्हणून. ही माझी सगळ्यात घाणेरडी गोष्ट आहे, तोंडातल्या जंतूपेक्षा.

डॉक्टर म्हणाल्या, त्यालाही सांगायला हवं, आणि त्याने बायकोला. बाजारात गेले. तो बर्फ फोडत होता. दवाखान्याचा पत्ता लिहिलेला कागद हातात दिला आणि म्हटलं, "जा. बायकोलाही ने." तो म्हणाला, "वेडी झालीस का?" मी म्हटलं, "वेडी होते, आता बरी होतेय." घरी आले आणि उकिडवी बसून रडले. त्याच्यासाठी नाही.

लोणच्याची बरणी काढलेली नाही. तू सांगितल्याशिवाय काढायचा मला हक्क नाही. पण कानामे, मला तू हवा आहेस. हे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं, ते आता लिहिते.

चिगुसा


१६ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड)

वाचलं. आजाराचं काही वाटत नाही. नऊ वर्षांचं वाटतंय. मला थोडा वेळ दे. उद्यापासून शेवटची पिंपं भरायची आहेत.

का.


१३ मार्च

चिगुसा,

आज भात वाफवायचं मोठं पिंप आडवं केलं. हंगाम संपला. या दिवशी उस्ताद सगळ्यांना बसवून पाजतात आणि पाच महिन्यांत कधी न बोललेलं बोलतात. मला म्हणाले, "ओबाता, ऑक्टोबरात तुझा दात दुखत नव्हता." मी पेला खाली ठेवला. "माझाही एका साली दुखला होता," ते म्हणाले. "मी बायकोला सांगितलं नाही. तिला वर्षभर कळलं नाही की आपल्याला काय झालंय, आणि मूल राहिलं नाही ते कधीच राहिलं नाही." मग बुधली उचलून त्यांनी माझा पेला भरला. चाळीस वर्षं त्यांना ओळखणारा बुन्ताचा बापसुद्धा हे पहिल्यांदाच ऐकत होता.

महिनाभर मी तुझ्यावर रागावून बघितलं. नीट जमलं नाही. सकाळी वाफ वर गेली की राग उतरायचा, संध्याकाळी पुन्हा चढायचा. नऊ वर्षं म्हणालीस तेव्हा मला अभिमान वाटला होता, एवढ्या वर्षांनी हिने मला निवडलं म्हणून. तो अभिमान गेला, ते दुखलं. पण मग निइनुमा डोळ्यांपुढे आला, गुरुवारी तासभर येणारा, न जेवणारा. त्याच्यापुढे तू दोन वर्षं वाढून ठेवलेलं आठवलं, मी न बघितलेलं. बाजारात बर्फापाशी जाऊन उभी राहिलेली तूही आठवलीस. मला ते जमलं असतं का, माहीत नाही. मी तर डॉक्टरांशी बोलतानाही भिंतीकडे बघत होतो.

दहा फेब्रुवारीला तू पुन्हा तपासायला गेली असशील. निकाल मी विचारला नाही आणि तू कळवला नाहीस. साफ असेल तर कळव. साफ नसेल तरी कळव, पुन्हा औषध घेऊ, थांबू. थांबायची मला आता चांगली सवय झाली आहे.

एक मागणं आहे. पुन्हा कधी काही खोटं बोलावंसं वाटलं तर पर्सिमनबद्दल बोल, किती टांगले ते.

आता मला नाट्टो चालतो. आज संध्याकाळी सगळ्यांनी दुकानात धाव घेतली, बुन्ताने तीन पुड्या एकदम खाल्ल्या. मी खाल्ला नाही. कुठे खायचा ते अजून ठरलं नाही.

कानामे


१६ मार्च

कानामे,

निकाल सतरा फेब्रुवारीलाच आला होता. साफ. महिनाभर घडी करून मिठाच्या बरणीमागे ठेवला होता. तू विचारलं नसतंस तर तो तिथेच राहिला असता, आणि ते मी मान्य केलं असतं.

निइनुमाची बायको गेल्या आठवड्यात मला बाजारात भेटली. मी वळून पळणार होते. तिने थांबवलं नाही, बोलली नाही, फक्त वाकून नमस्कार केला. मीही केला. बस.

उस्तादांचं वाचून मी शाळेच्या कोठारात जाऊन बसले होते. त्यांच्या बायकोसाठी रडले. मला ती माहीतसुद्धा नाही.

पर्सिमन चौतीस टांगले होते. बेचाळीस खोटं होतं. म्हटलं, इथूनच सुरुवात करावी. सुकलेले बारा शिल्लक आहेत, सगळे तुझे.

बरणी काढली. कप्पा पुसला. खारटपणाचा डाग पडलाय, तो काही जात नाही, त्यावरच बूट ठेव.

एकोणीसला शाळेचं सत्र संपतं, वीसला मी घरी असेन. चार वाजेपर्यंत भात होईल. नाट्टोच्या दोन पुड्या आणून ठेवल्या आहेत, आणि राई, आणि पातीचा कांदा. आठ तास गाडीत बसून येशील, अंग आंबेल, दाढी वाढलेली असेल, आणि आल्या आल्या सवयीने न्हाणीघराकडे वळशील.

वळू नकोस. गुळण्या करू नकोस. आहेस तसा आधी जेवायला ये.

तुझी,
चिगुसा